सोबत-वजावट

रूपाली घरात आली की हर्षदचं दुखणं अठ्ठावन्नवरून एकतीसवर उतरायचं. हे कुणी कौतुकानं म्हटलेलं नव्हतं, सरकारदरबारी तशी नोंद होती. आणि त्यामुळेच तर सगळा घोळ झाला.

हर्षद मोहिते सांगलीचा, एकेकाळचा वायरमन. ऐन पस्तिशीत, वादळात तुटलेली लाइन जोडताना तो खांबावरून खाली आला. हाडं जुळली, पण कण्यातल्या नसा दुखावल्या त्या कायमच्याच. तेव्हापासून कंबरेपासून टाचेपर्यंत कुणी तापलेली तार ओढत असल्यासारखं दुखायचं. त्याला एकच औषध लागू पडायचं, अफूच्या कुळातल्या गोळ्या.

या गोळ्यांची कहाणी मोठी चमत्कारिक. जगातल्या एका पिढीनं त्या खिरापतीसारख्या वाटल्या. माणसं व्यसनी झाली, कितीतरी मेली. पुढच्या पिढीनं घाबरून त्या कडीकुलपात ठेवल्या आणि मग ज्यांचं खरोखर दुखत होतं त्यांच्याकडेही लोक चोरासारखे बघू लागले. हर्षदनं ते दिवस भोगले होते. डॉक्टरांपुढे कण्हावं तर हा नाटकं करतो, न कण्हावं तर मग याला गोळी कशाला हवी!

मग व्यथांक आला. कानामागे नखाएवढी पट्टी चिकटवायची. मेंदूत वेदना उमटते त्या जागांमधल्या विजेच्या लहरी ती टिपते आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा मनगटावर आणि वेदनामापन केंद्रातही दाखवते. थर्मामीटरनं ताप मोजावा तसं दुखणं मोजायचं आणि आकड्याप्रमाणे गोळ्या द्यायच्या. खोटं बोलायची सोय नाही, खरं पटवायची कटकट नाही. पहिल्यांदा आकडा उमटला तेव्हा हा बाप्या लहान मुलासारखा रडला होता.

"बघ की रूपाली, खरंच दुखतंय गं माझं!"

"मला काय मशीन लागतंय होय ते कळायला?" असं म्हणून रूपालीनं त्याचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले.

त्यानंतरची काही वर्षं खरोखर सुखाची गेली. रूपालीचा शिवणक्लास होता, बाजारपेठेत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती गेली की हर्षद गोळी घ्यायचा, काठीच्या आधारानं पडवीत यायचा आणि गल्लीतले पंखे, मिक्सर दुरुस्त करत बसायचा. संध्याकाळी दोघं रमी खेळायची. रूपाली अट्टल लबाड. हातातला नको तो पत्ता ओढणीखाली सारायची आणि वर साळसूदपणे छताकडे बघायची. हर्षदला सगळं दिसायचं. तो मुद्दाम हरायचा आणि वर तिच्याशीच भांडायचा. त्या भांडणातच आकडा एकतीसवर यायचा.

एके दिवशी वेदनामापन केंद्रातली डॉक्टर अन्वी सोनटक्के घरी आली. तिशीची, हुशार पोर. रूपालीच्या हातचा बेसनलाडू खाल्ल्याशिवाय ती कधी परत जात नसे. त्या दिवशी लाडू तिच्या हातातच राहिला.

"काका, तुमची मात्रा निम्मी केलीय."

"का? दुखणं निम्मं झालं?"

"संध्याकाळचं झालंय. काकू आल्या की." तिनं मान खाली घातली. "आवडतं माणूस जवळ असलं की मेंदू स्वतःच अफूसारखं एक द्रव्य तयार करतो. तुमच्या गोळीचं सख्खं भावंडच म्हणा ना. काकू पत्ते वाटायला लागल्या की ते तुमच्या डोक्यात पाझरायला लागतं. हे माझंच संशोधन आहे. मला वाटलं होतं, आता सरकार सोबत करणाऱ्या माणसांना भत्ता देईल, रजा देईल. सरकारनं सरळ वजाबाकी केली. जे शरीरात फुकट तयार होतं ते बाहेरून कशाला द्यायचं? सोबत-वजावट म्हणतात त्याला."

रूपालीनं कपाळावर आठ्या घातल्या. "म्हणजे मी गोळी झाले?"

"रोजच्या दोन," अन्वी ओशाळून म्हणाली.

"आणि मी क्लासला गेल्यावर गं?"

"नियमात त्याला 'घरी सोबत उपलब्ध' असं म्हणतात, काकू. ती दिवसभर कुठं असते, हे नियम विचारत नाही."

झालं! हर्षदची पडवी सुटली. रूपाली क्लासहून यायची तेव्हा तो पोटाशी पाय घेऊन, उशीचं टोक दातात धरून पडलेला असायचा. काही आठवड्यांत तिनं क्लास बंद केला. मुली घरी येऊन रडल्या, तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि शिवणयंत्रावर चादर टाकली. आता ती दिवसभर घरात होती आणि गोळ्यांची कसर भरून काढत होती. हर्षदला मात्र ती चादर बघवत नव्हती. आयुष्यात या बाईनं स्वतःचं म्हणून काय केलं असेल तर तो क्लास, आणि तोही आपल्या कंबरेनं गिळला, असं त्याला वाटायचं.

"पुढच्या महिन्यात मापनाचा आठवडा आहे," एकदा तो म्हणाला. "त्या आठवड्यात आकडा चढता राहिला तर वजावट रद्द होते. आपण अबोला धरायचा."

"आपण? आपल्याला जमणाराय का ते?"

"न जमायला काय झालं? माझ्या आईबाबांचा एकदा दिवाळीपासून होळीपर्यंत टिकला होता."

मापनाच्या आदल्याच दिवशी अबोला मोठ्या थाटात सुरू झाला. पण अबोल्यातसुद्धा संसार करायचाच असतो, आणि मधे निरोप पोचवायला घरात तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा रूपाली कुकरशी बोलायला लागली. "कुकरभाऊ, कुणाला तरी सांगा, ताट वाढलंय. आणि कालचा शर्ट धुवायला टाका म्हणावं, वास मारतोय." हर्षदनं उलट निरोप शिट्टीबरोबर पाठवला. "कुकरभाऊ, आमटीत मीठ नाही म्हणावं." तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रूपाली स्वयंपाकघरात पळाली, आणि हसू दाबता दाबता हर्षदचे डोळे भरून आले.

संध्याकाळी अन्वीचा फोन आला. "काका, बावीस! इतका खाली कधीच आला नव्हता. असाच राहिला तर आणखी एक गोळी जाईल. तुम्ही दोघं करताय तरी काय?"

दोघांची तोंडं उतरली. पलीकडे चादरीखाली शिवणयंत्र उभं होतं. "खरंखुरं भांडावं लागणार," हर्षद म्हणाला. "तूच भांड. मला तुझ्याशी भांडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी रूपाली सकाळपासून गप्प होती. कुकरशीही बोलली नाही. दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "तू पडल्यावर दादा मला न्यायला आला होता, आठवतंय? तू सगळ्यांना सांगतोस, रूपालीनं भावाला दारातूनच परत पाठवलं. खोटं आहे ते. मी बॅग भरली होती. तू झोपेत रडत होतास म्हणून दया आली, म्हणून राहिले. मग राहूनच गेले."

अंथरुणाला खिळलेल्या त्या वर्षांत एकाच गोष्टीवर हर्षद उभा राहिला होता. आपल्यासाठी कुणीतरी सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलं. त्यानं मनगटाकडे पाहिलं. बहात्तर. आठवडाभर आकडा साठाच्या खाली आला नाही.

"वजावट रद्द, मात्रा पूर्ववत," अन्वीनं फोनवर सांगितलं. मग हळूच विचारलं, "काका, काय झालं?"

"काही नाही गं. भांडलो."

क्लास पुन्हा सुरू झाला. मुली पेढे घेऊन आल्या. हर्षद पडवीत बसून पंखे उघडायला लागला. सगळं जिथल्या तिथं आलं, आणि संध्याकाळी रूपालीनं पत्ते पिसले.

"ते मापापुरतं बोलले हां मी," पत्ते वाटताना ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बॅग बिग काही भरली नव्हती. रात्रभर विचार केला, तुला खरंच काय लागेल, आणि तेच नेमकं सापडलं. कळतंय ना तुला?"

"कळतंय की, वेडे," हर्षद म्हणाला, आणि त्याला ते खरंच कळत होतं. तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. जगात दुसऱ्या कुणावर नसेल इतका होता. पण पट्टी त्याला विचारून थोडीच मोजत होती?

रूपालीनं छताकडे बघत एक पत्ता ओढणीखाली सारला. हर्षदला तो दिसला. त्यानं हळूच मनगट पाहिलं. अठ्ठावन्न. तो वाट बघत राहिला. डाव संपत आला, ती नेहमीसारखी खिदळली, त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. अठ्ठावन्न.

"किती आलाय रे?" तिनं विचारलं.

त्यानं शर्टाची बाही बोटांपर्यंत खाली ओढली आणि पुढचा पत्ता टाकला.

"एकतीस," तो म्हणाला. "तू आलीस की उतरतोच."