चौथा ठोका

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा चुलत भाऊ आहे, आणि शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. मीही ठेवत नव्हतो.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगतो. ती शनिवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खालच्या टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र घरघरत होतं.

भावाला आम्ही घरचे कानसेन म्हणतो. कोणी गाणी रेकॉर्ड केली की ती घासूनपुसून बाजारात पाठवण्यालायक करायची, हा त्याचा धंदा. टायरच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ आहे. अलीकडे यंत्रांची खोली, मध्ये जाड काच, पलीकडे वादकांची खोली. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. जगात धड वाजवणारा कोणी उरलेला नाही, असं त्याचं ठाम मत.

त्याच्याकडे एक दिवस एक पोट सुटलेला माणूस जुन्या टेपांचा खोका घेऊन आला. हा कोणे एके काळी एका थ्रॅश मेटल बँडचा गिटारवाला होता. आता विमा विकतो. बँडचा पहिलावहिला अल्बम त्याला नव्याने बाजारात आणायचा होता.

थ्रॅश मेटल म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलून द्यायचं, आणि ते खाली पोचेपर्यंत एकाने बेंबीच्या देठापासून ओरडायचं. ही व्याख्या कानसेनची. मला ती पटते.

या अल्बमबद्दल दोनच मतं होती. जाणकारांनी तेव्हा लिहिलं होतं की यातलं शेवटचं गाणं सर्वांत उत्तम, कारण त्यात कोणी काही वाजवत नाही. आणि दुसरीकडे बँडचे भक्त, ते काळ्या शर्टवाले. त्यांच्या मते संगीत या अल्बमपाशी सुरू झालं आणि तिथेच संपलं. नंतरचे सगळे अल्बम भिकार, बँड पैशाच्या मागे लागला, पण पहिला... पहिल्याचं नाव काढलं की यांचे डोळे भरून येतात. डोक्यावरचे केस गेले, अंगातला शर्ट काही गेला नाही.

शेवटच्या गाण्याची भानगड अशी.

गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रमवाला हातातल्या दोन काठ्या एकमेकींवर आपटून चार ठोके देतो. चौथा पडला की सगळे एकदम सुटतात. या गाण्यात ठोके तीनच आहेत.

टक... टक... टक...

पुढे काही नाही. टेप संपेपर्यंत नुसती खरखर.

तिसरा ठोका दिल्यावर तो ड्रमवाला उठला, खोलीबाहेर गेला, आणि परत कोणालाही दिसला नाही. त्याच्या घरच्यांनाही नाही. बँडने टेप होती तशीच अल्बमवर घातली.

झालं. काळ्या शर्टवाल्यांनी त्याचे देव्हारे माजवले. हा अल्बम ऐकायला ते एकत्र जमतात. शेवटचे तीन ठोके पडले की सगळे उजवा हात वर करतात आणि तसेच थांबतात. हलत नाहीत, खोकत नाहीत. चौथा कोणी देत नाही.

"चौथा त्याचा आहे," असं म्हणतात.

हे ऐकून कानसेन पोट धरून हसला. "शाळेत शिक्षा म्हणून हात वर करायचे, आता हौस म्हणून करतात," तो म्हणाला. "प्रगती आहे."

गिटारवाला हसला नाही.

"बाकी सगळं हवं तसं घासा," तो म्हणाला. "शेवटच्याला तेवढा हात लावू नका."

हे कानसेनला सांगायला नको होतं.

त्या शनिवारी काम शेवटच्या गाण्यावर आलं. वहिनी कामावर होती, म्हणून शाळा सुटल्यावर चिमणी, म्हणजे कानसेनची लेक, स्टुडिओत आली होती. बाहेरच्या बाकावर बसून चित्रं रंगवत होती. कानसेनच्या डोक्यात किडा वळवळला. त्याने पहिल्या गाण्यातला चौथा ठोका उचलला आणि शेवटच्या गाण्यातल्या तिसऱ्याच्या पुढे नेमका चिकटवला.

"करा म्हणावं आता हात वर," तो स्वतःशीच म्हणाला, आणि कानाला हेडफोन लावून त्याने ते चालू केलं.

टक. टक. टक. टक.

मग खरखर. कानसेन एकटाच हसत बसला.

आणि खरखरीत... एक स्टूल करकरलं.

त्याचं हसू थांबलं. त्याने आवाज वाढवला. कोणीतरी बसत होतं. बसून त्याने एक मोठा श्वास सोडला. फार वेळ उभं ठेवलेला माणूस शेवटी बसायला मिळाल्यावर सोडतो, तसा.

कानसेनने मूळ टेप लावून पाहिली. तिच्यात तसलं काही नव्हतं. त्याने चिकटवलेला चौथा ठोका पुसून टाकला आणि पुन्हा ऐकलं.

टक. टक. टक.

पुढे खरखरही नव्हती.

खालचं हवेचं यंत्र ऐकू येत नव्हतं. रस्ता ऐकू येत नव्हता. हेडफोन काढले तरी नाही. ज्या कानांच्या जिवावर तो पोट भरत होता, त्या कानांत काहीही येत नव्हतं.

मग... काचेपलीकडून आलं.

टक. टक. टक.

त्याने मान वर केली. ड्रमवर कायम घातलेली चादर जमिनीवर पडली होती. मागच्या स्टुलावर चिमणी बसली होती. पाय लोंबकळत होते. दोन्ही हातांत काठ्या, आणि काठ्या वर उचललेल्या.

त्या खोलीला दार एकच. ते कानसेनच्या खुर्चीला लागून आहे, आणि त्याचा खटका त्याने सकाळपासून काढलेला नव्हता.

तो आत धावला. चिमणी त्याच्याकडे बघत नव्हती. ती कोपऱ्याकडे बघत होती.

स्टुडिओत ड्रम असतात, पण काठ्या नसतात. प्रत्येक वाजवणारा स्वतःच्या आणतो. या काठ्यांची टोकं चघळून झिजलेली होती आणि मुठीशी काळी पट्टी गुंडाळलेली होती. अल्बमच्या मागच्या बाजूला त्या ड्रमवाल्याचा फोटो आहे. त्याच्या हातात याच काठ्या आहेत.

"कोणी दिल्या ग या तुला?"

"त्या काकांनी." चिमणीने हनुवटीने कोपरा दाखवला. "ते म्हणाले, तीन तू दे. चौथा तुझे बाबा छान देतात."

कोपऱ्यात काही नव्हतं.

कानसेनने तिला उचललं आणि अनवाणी जिना उतरला. खाली टायरवाल्याने विचारलं, काय झालं. त्याचे फक्त ओठ हलताना दिसले. मग हळूहळू यंत्राची घरघर परत आली.

टेपा त्याने लगेच परत केल्या. गिटारवाल्याने खोका कानाशी धरून बोटाने वाजवून पाहिला, कलिंगड पारखतात तसा.

"लागला वाटतं हात," तो म्हणाला.

चिडला नव्हता. वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला पाहुणा शेवटी शेजाऱ्याकडे राहायला गेला, की माणूस दिसतो तसा तो दिसत होता. चहा पिऊन जा म्हणाला.

अल्बम दुसऱ्याच कोणीतरी करून दिला. शेवटचं गाणं होतं तसंच ठेवलं, चौथ्या ठोक्याशिवाय. तरी काळ्या शर्टवाल्यांनी बोंबाबोंब केली. शेवटचं गाणं मेलं, असं लिहिलं. एकाने तर लिहिलं, पूर्वी त्या खरखरीत कोणीतरी थांबलेलं असायचं, आता तिथे कोणी नाही.

या लोकांना खरोखरच काही ऐकू येतं, हे मला फार नंतर पटलं.

हे सगळं कानसेनने मला सांगितलं तेव्हा मी त्याचीच टर उडवली. म्हटलं, फार काम केलंस, चार दिवस कुठेतरी जाऊन ये. तो रविवारी जेवायला ये म्हणाला.

गेलो. भर दुपारी आम्ही चौघं टेबलाशी बसलो. पाचवी खुर्ची रिकामी होती. मी आपला बोलत होतो.

चिमणीने चमचा ताटाच्या कडेवर वाजवला.

टक. टक. टक.

आणि चमचा वर धरून थांबली.

वहिनीच्या हातातला डाव तिथेच थांबला. कानसेनचा उजवा हात सरळ वर गेला. मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझं बोट टेबलापासून उचललेलं होतं... आणि खाली यायला निघालं होतं. मी ते उचललं नव्हतं.

"भाऊजी, हात वर," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "टेबलावर आणू नका."

मी हात वर केला. हात जड झाला होता, कोणी मनगटाला धरून खाली ओढावं इतका. भाजी निवली. कोणी हललं नाही, कोणी खोकलं नाही. त्या काळ्या शर्टवाल्यांसारखे आम्ही शहाणेसुरते लोक हात वर करून बसलो होतो.

चिमणी रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तिने मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून गोड हसली.

"ते काका म्हणतात," ती म्हणाली, "काका, तूसुद्धा चांगला देशील."

मग तिने चमचा खाली ठेवला आणि जेवायला लागली.

त्यानंतर मी कानसेनकडे गेलेलो नाही. पण माझ्या घराचं दार कोणी वाजवायला लागलं, की मी मोजतो. चौथ्यांदा वाजलं तर उघडतो. तीनवरच थांबलं, तर असतो तिथेच उजवा हात वर करून उभा राहतो, बाहेरचं माणूस जाईपर्यंत.

बायको हसते. मीही हसायचो.