टाकीच्या सावलीतली चांदणी

रात्रीचे आठ वाजले की आंबेपाड्याच्या बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून मिरची पसरायला बसत. ऊन डोळ्यांवर यायचं ना! आठ वर्षांपूर्वी नंदुरबारकडच्या या गावाच्या डोक्यावर नभदर्पण आलं. म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आरशांची माळ. एक आरसा क्षितिजाखाली गेला की दुसरा वर यायचा आणि मावळलेल्या सूर्याचं ऊन वळवून गावावर ओतायचा. सरकारी कागदावर नभदर्पण, गावाच्या तोंडी परात. परात आली नि रात्र गेली. कोंबड्यांनी वर्षभर वेळीअवेळी आरवून पाहिलं, मग नाद सोडला. गावचं घुबड तर म्हणे टोपी घालून फिरायचं. टोपीचं सोडा, पण घुबड होतं, हे खरं.

मिरची वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, तिसरी पाळी सुरू झाली. सातवीतल्या जमुना पाडवीची आई त्याच पाळीत देठ खुडायची. दिवसा घरकामात झोप नाही आणि रात्र तर उरलीच नव्हती. तिचे डोळे कायम लाल. विचारलं तर म्हणायची, "मिरचीनं."

जानेवारीतल्या ग्रामसभेत जमुना उभी राहिली. "महिन्यातून एक रात्र परात दुसरीकडे फिरवा. आमच्या वर्गानं तारे नुसते पुस्तकात पाहिलेत."

सभा हसली. सरपंच दगाजी आप्पा सर्वांत जास्त हसले. "दव पडून मिरची काळी पडली, तर तारे येतील का वाळवायला? आणि पोरी, वर अजून तारे आहेत कशावरून? आठ वर्षांत एकानं तरी पाहिला?"

"उजेडात दिसत नाहीत, आप्पा. गेले नाहीत कुठं."

"बरं. आता दुपारचे तीन वाजलेत. एक तारा दाखव. दाखवलास तर मी स्वतः हात वर करतो. नाही तर हा विषय सभेत पुन्हा निघणार नाही."

विज्ञान शिकवणारे गिरासे मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. जमुना शांतपणे म्हणाली, "चला पाण्याच्या टाकीपाशी."

आठवडाभर तिनं याच कामात मान मोडून घेतली होती. टाकीच्या सावलीत सगळ्यांना उभं करून ती म्हणाली, "सूर्य टाकीआड राहू द्या, चुकूनही तिकडे बघायचं नाही. तोंड दक्षिणेला. वर पंचमीची चंद्रकोर दिसते? आधी तिच्यावर नजर स्थिर करा, म्हणजे डोळ्याला लांबचं बघायची सवय लागते. आता हात ताठ करा, तीन बोटं जोडा. कोरीचं पोट ज्या बाजूला फुगलंय, त्या बाजूला तीन बोटं सरका."

शे-दीडशे माणसं आभाळाला बोटं लावून उभी. कुणी म्हणालं घार, कुणी म्हणालं कावळा. आप्पा मिशीत हसले.

"आई गं!" जमुनाची आई ओरडली. "दिसली! तांदळाच्या कणीएवढी!"

मग कल्लाच झाला. एकेकाला कणी सापडत गेली. आप्पांनाही सापडली. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

"पण आप्पा," जमुना म्हणाली, "ही शुक्राची चांदणी. हा तारा नाही, ग्रह आहे. स्वतःचा उजेड नाही त्याला. सूर्याचं ऊन परतवतो, आपल्या परातीसारखा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अगं, कशाला बोललीस!"

"म्हणजे हरलीस की!" आप्पा म्हणाले.

जमुनानं सावलीतून एक पाऊल बाहेर टाकलं. ऊन तोंडावर आलं तशी खाली मान घातली आणि बोट वर केलं. "तारा हा. सूर्य. बाकीचे तारेही असेच, फक्त फार लांब. हा सकाळपासून तुमच्या टकलावर तापतोय, आप्पा. दिसला नाही?"

मग पहिले हात वर गेले ते देठ खुडणाऱ्या बायकांचे, तिखटानं लालभडक झालेले. त्यांच्यामागून पुरुषांचे. शेवटी आप्पांचा. "शब्द म्हणजे शब्द," ते पुटपुटले आणि उपरणं डोक्यावर घेतलं.

अमावास्येला बायकांनी मिरचीवर ताडपत्र्या ओढल्या. पावणेआठला परात फिरली. आधी नुसता काळोख, मग एक ठिपका, मग चार, मग मोजायची सोय राहिली नाही. सातवीच्या वर्गानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गावातले कोंबडे आरवले. जमुनाच्या आईनं ताडपत्रीवर पाठ टेकली, तीन तारे मोजले आणि चौथ्याला गाढ झोपली.

आप्पा कितीतरी वेळ मान वर करून होते. मग हळूच म्हणाले, "पोरी, यातला प्रत्येक तारा म्हणजे कुणाचा तरी सूर्य असेल, तर तिथंही गाव असेल. माझ्यासारखा सरपंच असेल. त्यानंही परात बसवली असेल, तर आपण त्यांना दिसणार कसे?"

जमुना अंधारात हसली.

"तिथं सातवीचा वर्ग नसेल का, आप्पा?"