शिशाचा मणी

तो आमच्या तुरीत पडला.

तो मात्र म्हणायचा, "पडलो नाही मावशी, उतरलो." आता ज्या माणसाच्या छातीपर्यंत तुरी आहेत, एक बूट शेताच्या धुऱ्यावर पडलाय आणि मागं निळी-पिवळी हवाई छत्री काटेरी तारेला अडकून फडफडतेय, त्याला मी तरी उतरला म्हणणार नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती, दव अजून सुकलं नव्हतं. अमडापूरच्या बाहेर माझा शिवणकामाचा कारखाना आहे, पत्र्याचा. बारा मशिनी, बारा बाया. आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो. मी दुसरी शिकलेली, पण कोणत्याही हेडमास्तरला विचारा, तानुबाईच्या हातची शिवण कधी उसवली का.

बाया दारातच थबकल्या. धावली ती माझी सून पुष्पांजली. गळ्यात मोजायची टेप तशीच. तो माणूस तारेतून कापड ओढत होता.

"ओढू नका!" ती ओरडली. "थांबा न जी! ओढसान त चिंधी होईन."

तो थांबला. "अहो, मला माहीत आहे. माझं कामच हे आहे."

"मंग कामासारखं करा न!"

तो आधी चमकला... मग हसला. तिनं एकेक काटा बोटानं बाजूला करून कापड सोडवलं. वीतभर फाटलं होतं, पण सरळ. त्यानं ते पाहिलं, मग तिची बोटं पाहिली. मी ते पाहणं पाहिलं. शिवणकामात नजर बारीक होते, पोरीहो.

त्याचं नाव आल्हाद, राहणार पुण्याचा. गावापलीकडच्या माळावर कोण्या कंपनीनं विमानाची पट्टी केली होती. तिथं हिवाळ्यात दोन महिने उडीवाल्यांचा कॅम्प लागला होता. नवशिके नाहीत, एकेकानं हजार-हजार उड्या मारलेल्या, अर्ध्यांचे केस पांढरे. त्यांची पॅराशूटं तपासायची, शिवायची, घडी घालून पिशवीत भरायची, हे आल्हादचं काम. त्याला रिगर म्हणतात.

"म्हंजे टेलर," पुष्पा म्हणाली.

"हो... टेलरच."

त्यांच्या तंबूत धूळ फार. आमचं कापड बेतायचं पंचवीस फुटी टेबल त्यानं पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "मावशी, दुपारी दोन तास हे टेबल द्याल?"

"चपला भाईर काढाच्या. बायांसंग गप्पा नाही. आन चहा मांगाचा नाही."

चौथ्या दिवशी त्याचा चहा मीच ठेवला.

त्या पिशव्यांचं मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. पाठीवरच्या एका पिशवीत दोन छत्र्या. एक रोजची, ती ज्याची त्यानं घडी करायची. ती वर गुंतली, तर दुसरी राखीव. राखिवेला फक्त रिगरनं हात लावायचा, सहा महिन्यांतून एकदा. घडी घातली की पिनेला लाल दोरा बांधायचा आणि दोऱ्यावर शिशाचा मणी दाबायचा, मण्यावर रिगरची खूण. दोरा शाबूत म्हणजे मधे कोणाचा हात लागलेला नाही. कोणाचा तरी जीव त्या दोऱ्याच्या भरवशावर आभाळात जातो.

माझा मुलगा ज्ञानेश्वर काविळीनं गेला, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. पुष्पा माहेरी गेली नाही. म्हणाली, तुमच्याजवळच राहते. एकतीसची पोर, मशीनवर मान घालून बसायची. घरात, कारखान्यात, गावात ती "पुष्पा" नाही तर "ज्ञानेश्वरची बायको". हा एकटा तिला "पुष्पांजली" म्हणायचा, चारही अक्षरं सावकाश. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मशीनवरचा तिचा पाय थांबला होता.

ती आधी फाटलेल्या छत्र्या शिवू लागली, मग घडी शिकली. एक दिवस अवकाळी भुरभुर आली, पत्र्यावर बारीक टपटप, उड्या बंद. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, मधे पांढरं रेशमासारखं कापड.

"हवा काढा हळूहळू. घाई केली की फुगते."

"एवढी मोठी छत्री, आन पिशवी हे एवढीशी... माह्या आत्याबाईचा राग बी मावणार नाही याच्यात."

"आइकू येते मले!" मी काजं तपासत ओरडले.

दोघंही खाली मान घालून हसले. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही कधी मारणार उडी?"

"मी काऊन मारू? खालून पाह्याले बी कोणी पाह्यजे न."

"बघता?"

तिनं कापडाची कड बोटानं सरळ केली.

"मीही बघतो वरून," तो म्हणाला. "तुमचा पत्रा दिसतो. आणि दोरीवर... एक हिरवी साडी."

"इश्श! ते त आत्याबाईचं लुगडं होय!"

मलाही हसू आलं, पण मी दाबलं. दुसऱ्या दिवशी वाळत घालायच्या दोरीवर माझं लुगडं एका कडेला सरकवलेलं होतं आणि मधोमध तिची हिरवी साडी.

त्यांची एक रीत त्यानंच सांगितली. राखिवेनं कोणाचा जीव वाचला, तर त्यानं ती घडी घालणाऱ्याला बाटली नेऊन द्यायची.

"कायची बाटली?" पुष्पानं विचारलं.

"दारूची."

"ओ माय! आत्याबाई तुमच्याच डोक्शात फोडतीन."

"मग... गुलाबाच्या सरबताची?"

"मंग चालते," ती म्हणाली. जशी काही बाटली आत्ताच येणार होती.

पौषात त्यानं एक राखीव छत्री तिच्यापुढं पसरली. "आज सगळी घडी तुम्ही घालायची. मी नुसता बघणार."

"कोनाची हाये?"

"माझी."

तिचे हात मागं गेले. "नाही जी. चुकली त..."

"नाही चुकणार."

तासभर लागला. शेवटी त्यानं दोरा बांधला, मणी दाबला. तिनं त्या मण्यावरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं... आणि तोही पाहत होता.

त्या दिवशी मला कळलं की ही जाणार. लोक काय म्हणतील, याची भीती तानुबाईला कधी नव्हती. माझी भीती दुसरीच होती. संध्याकाळी कारखाना बंद करून घरी जाताना माझ्या बाजूनं कोण चालेल, ही. पण मी अडवलं नाही. मनाशी ठरवलं होतं, त्यानं विचारलं की हो म्हणायचं. एवढी मी वाईट नाही.

मग तो बुधवार आला. तपासणीला जायच्या सहा पिशव्या टेबलावर रांगेनं ठेवल्या होत्या. पुष्पा आणि आल्हाद बाहेर एका छत्रीच्या दोऱ्या मोजत होते. मी कात्री घेऊन शर्टांचे सुटे धागे कापत होते. चाळीस वर्षांची सवय आहे माझी, लोंबता धागा मला पाहवत नाही. शर्ट संपले. कडेच्या पिशवीतून एक लाल धागा डोकावत होता. मी कापला. टक्... काहीतरी टेबलावर पडलं, बारीक, गोल. गुंडी समजून मी ते गुंड्यांच्या डब्यात टाकलं आणि चहा ठेवायला गेले. दोऱ्याचं सगळं मी ऐकलेलं होतं. पण हातानं कानाला कुठं विचारलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पचे मुख्य गजेंद्र साहेब जीप घेऊन कारखान्यात आले. पिशवी टेबलावर आपटली.

"ह्याचं सील कुठाय?"

आल्हादनं पिशवी फिरवून पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"सील नाही म्हणजे कोणीतरी हात घातला," साहेब म्हणाले. "माणूस ही घेऊन वर जाणार होता! कोणी काढलं?"

आल्हादनं पुष्पाकडं पाहिलं. "पुष्पांजली?"

"मले नाही माहीत जी..." ती खरंच बोलली. तिला तेव्हा माहीत नव्हतं.

मला मात्र त्याच घडीला कळलं. कात्री माझ्या कमरेलाच होती. मी तोंड उघडलं. बारा बाया माझ्याकडं पाहत होत्या. एकेक टाका वाकडा गेला म्हणून ज्यांना मी रडवलं, त्या बारा बाया. मी तोंड मिटलं.

"परक्या जागेत पिशव्या ठेवल्या, चूक माझी," आल्हाद म्हणाला. साहेबांनी त्याचं रिगरचं लायसन काढून घेतलं. कॅम्प सोड म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. आत आला नाही. फाटकात उभा राहिला. पुष्पा गेली. मी खिडकीतून पाहत होते. त्यानं काहीतरी विचारलं. तिनं एकदा मागं वळून खिडकीकडं पाहिलं, आणि मी पडदा ओढून घेतला. फटीतून दिसलं तेवढं दिसलं. ती दोन शब्द बोलली. त्याचा हात थोडा पुढं आला... आणि परत गेला. मग मोटारसायकलचा आवाज.

पुष्पा आत आली, मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत तिनं चाळीस कॉलर शिवल्या. एकही वाकडी नाही. दोरीवरची हिरवी साडी घडी करून पेटीत गेली. मी रोज म्हणायचे, उद्या सांगीन. असे पाच महिने गेले.

जेठात पार्सल आलं. भुशात ठेवलेली गुलाबाच्या सरबताची बाटली आणि एक चिठ्ठी. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून पुष्पानं मोठ्यानं वाचली.

"पुष्पांजली, वैशाखात माझी रोजची छत्री वर गुंतली. ती सोडून दिली आणि राखीव ओढली. तू घातलेली घडी. श्वास घेईपर्यंत उघडली. 'दोरा मीच कापला' असं तू म्हणालीस, तेव्हा मला फार लागलं होतं. ज्या हातांवर मी स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवला, त्यांनी तो का कापावा, हे आजही कळत नाही. तरी ती पिशवी उघडून दुसऱ्याकडून बांधून घेणं मला जमलं नाही. म्हणून जिवंत आहे. रीत म्हणून बाटली पाठवतोय. मावशींना सांग, सरबतच आहे. लायसन परत मिळालं. घरच्यांनी माझं लग्न ठरवलं आहे, मीही हो म्हटलंय. सुखी राहा. आल्हाद."

मी उभीच राहिले. "तू म्हणली? तू कापला म्हणली त्याले?"

"हाव."

"काऊन व?"

ती चिठ्ठीच्या घड्या घालत होती. हवा काढत, सावकाश, त्यानं शिकवलं होतं तशा.

मी गुंड्यांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. पांढऱ्या, निळ्या, खाकी गुंड्या सगळीकडं घरंगळल्या. मणी सापडला. मी तिच्यापुढं ठेवला. "पुष्पे... मी कापला. धागा समजून. आन मंग बोलली नाही."

तिनं मण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"तो निंगून गेला त्याच दिसापासून. शर्टाले गुंड्या पाह्यजे होत्या, डबा उपडा केला त दिसला. तो फाटकात याच्या घंटाभर आंधी."

"मंग त्याले सांगतलं काऊन नाही, बयाडे?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाह्यली जी..." तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मणी परत डब्यात ठेवला. वाटलं, आज आत्याबाई बोलतीन. त्यानं विचारलं, 'फक्त मला सांग, कोणी कापला? मी कोणाला सांगणार नाही.' मी खिडकीकडं पाह्यलं. तुमी पडदा लावला."

मी टेबलावरच्या गुंड्या गोळा करू लागले.

"मंग काय म्हणू?" ती म्हणाली. "माहा माणूस गेला तवा साऱ्या गावात तुमी एकल्याच मले घट्ट धरून बसल्या होत्या. तुमाले उघडं पाडून त्याच्या मांगं जाऊ? नाही झालं माह्याच्यानं."

"फोन लाव. आत्ता लाव. मी बोलते त्याच्यासंग, पाया पडते त्याच्या..."

"नाही, आत्याबाई." तिनं फोन उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "तिकडं एक पोरगी लग्नाची वाट पाहून राह्यली असन. तिनं माह्यं काय केलं? तिचा दोरा मी काऊन कापू?"

मग तिनं बाटली उघडली. दोन पेले भरले. एक माझ्यापुढं सरकवला. ती घोट घोट पीत राहिली, खिडकीतून आभाळाकडं पाहत. माझा पेला संध्याकाळी मुंग्यांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी मी मशिनी बंद करायला लावल्या आणि बारा बायांना सगळं सांगितलं. माझी मान आता तुटून पडेल, असं वाटत होतं. कोणी हसलं नाही. सुभद्राबाई म्हणाली, "हाव काय? चुकीनं होते न जी," आणि काजं करायला लागली. दोन मिनिटांत बाराही मशिनी सुरू झाल्या. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी पडदा ओढला होता.

पुष्पा इथंच आहे. संध्याकाळी कारखाना बंद करून आम्ही दोघी घरी जातो, ती माझ्या बाजूनं चालते. विमान गेलं तर ती वर पाहत नाही, मी पाहते.

लोंबता धागा दिसला की हात अजून कात्रीकडं जातो. पण आता मी आधी हाक मारते, "पुष्पे, हा कापू काय?" ती मशीन थांबवते, उठून येते, धागा उजेडात धरते आणि म्हणते, "कापा जी." एकदाही चिडली नाही. एकदा तरी चिडली असती, तर मला झोप लागली असती.