पद्मजाआत्या लाल का व्हायची

अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस! आमच्या पद्मजाआत्याचं जमलं... हो, आत्याचंच! वय एकोणपन्नास, लग्न केलं नाही, आणि कॅरममध्ये अख्ख्या काळाचौकीत तिला तोड नाही.

तर मंडळाची मिक्स डबल्स होती. जोड्या चिठ्ठ्या टाकून. आत्याच्या वाट्याला आला धम्मपाल — शिवडीचा, गोदीत क्रेन चालवतो, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि हसला की गालावर ही एवढी खळी! आता डबल्समध्ये पार्टनर समोरासमोर बसतात. म्हणजे मान वर केली की... तोच.

पहिल्याच मॅचला आत्या स्ट्रायकर लावायला वाकली आणि छातीतून वाफ उठावी तशी गरमी वर चढली. मान, कान, गाल — सगळं लालेलाल. पंखा बंद, का तर पावडर उडते. धम्मपालने हळूच रुमाल पुढे केला.

"एवढं काय लाजताय, मॅडम? नुसतं बघितलं मी."

"बघू नका मग."

"मग खेळू कसा?"

आत्याला हसूच आलं. तिला ठाऊक होतं गं, डॉक्टरांनी सांगितलं होतं — पाळी जायच्या वयात हार्मोन्स खालीवर होतात, हे त्यांचं काम. पण ती बोलली नाही. चार मॅच तो बघत राहिला, ती लाल होत राहिली, आणि तो बिचारा... फुलत राहिला. एकोणपन्नासाव्या वर्षी कुणाला तरी वाटतंय आपण लाजतोय. कशाला सोडायचं ते?

मग फायनल. हॉल खचाखच. आत्याने क्वीन घेतली. आता लगेच कव्हर, म्हणजे आपली एक सोंगटी घालायची, नाहीतर क्वीन परत बोर्डावर. आणि नेमकी तेव्हाच गरमी! बोटं घामाने निसरडी. ती सरळ उठली आणि पंखा लावला.

"ओ पद्मजाताई!" मंडळाचे बाबुराव ओरडले. "पावडर उडतेय! झेपत नसेल तर उठा, मेघनाला बसवतो. बावीसची पोर आहे, घाम तरी येत नाय."

मागून एकाने शिट्टी मारली. "घाम नाय ओ, धम्मादादाला बघून लाजतेय!"

हशा. धम्मपाल खाली बघून हसत होता, खूश. लाजल्यासारखं करून उठली असती, तर तो तसाच खूश राहिला असता. आणि बोलली तर... जागा राहील, पण तो?

"लाजत नाहीये मी," आत्या म्हणाली. "माझी पाळी जातेय."

पंखा बंद करायला निघालेले बाबुराव जागीच थांबले. आत्या पुढे बोलतच राहिली.

"शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. मग मेंदूत तापमान सांभाळणारी जी जागा असते ना, ती जरा गरम झालं की आग लागल्यासारखी बोंबलते. तुमच्या आया, बायका, सगळ्यांचं हे होतं, बाबुराव. त्या गपचूप पदराने पुसतात. मी नाही पुसणार. आजारी नाहीये मी. ही जागा माझी आणि पंखा चालू राहणार!"

धम्मपालकडे बघायची मात्र तिची हिंमत झाली नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज... तो उठला, भिंतीपाशी गेला आणि रेग्युलेटर पाचवर केला. पावडर उडून बाबुरावांच्या मिशा पांढऱ्याफटक!

कव्हर गेलं गं. टॉक्‌!

नंतर जिन्यात दोघंच.

"म्हणजे चार मॅच मी येड्यासारखा..."

"हो."

"एकदाही... माझ्यामुळे नव्हतं?"

आत्या दोन पायऱ्या उतरली. थांबली.

"एकदा होतं."

"कधी?"

"ते नाही सांगणार. शोधा तुम्ही."

"आयुष्य जाईल."

"जाऊ दे की."

आणि खाली चाळीच्या भर चौकात, सगळी गॅलरी वाकून बघत असताना, तिने त्याचा हात धरला. आता बाबा तोंड पाडून बसलेत — ह्या वयात? आत्या म्हणते, ह्याच वयात!

खरं सांग, तू असतीस तर हॉलमध्ये ते बोलली असतीस? की तशीच लाजत राहिली असतीस?