खाडीपलीकडची एस.टी.

शेणव्याच्या फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पाठीवरचं बोचकं सावरत कमळाकर उतरला. भाताची झोडणी आटोपल्यावर तो आणि धर्मा, दोघं लहानपणापासूनचे सोबती, समुद्र बघायला म्हणून निघाले होते. मिळेल ती एस.टी. धरायची, एखाद्या देवळात पथारी टाकायची, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जात राहायचं. धर्माची आई सकुबाई एकुलत्या एका पोराला सोडायला राजी नव्हती. "मी हाय ना संगती, काकी," असं सांगून कमळाकरनंच त्याला घराबाहेर काढलं होतं.

आता तो एकटाच परतत होता.

गावाकडे चालताना तो मनात वाक्यं जुळवत होता. धर्मा तिकडंच राहिला, काकी. मासेमारीच्या मचव्यावर काम लागलं त्याला. शिमग्याला येईल.

खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्या दिवशी खाडीपलीकडे एस.टी. उभी दिसली. होडीसाठी थांबू, असं धर्मा म्हणत होता. ओहोटी आहे, चालतच जाऊ, हा हट्ट कमळाकरचा. निम्म्यावर पोचले आणि पाणी चढायला लागलं. धर्माला पोहता येत नव्हतं. त्यानं कमळाकरचा दंड घट्ट धरला, आणि कमळाकरनं तो हिसडा देऊन सोडवला. पलीकडे लागला तेव्हा गाडी सुटत होती. तो धावत जाऊन चढला. मागं वळून पाहिलं नाही. कंडक्टरलाही काही बोलला नाही.

सकुबाई ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती.

"आलास का रे? ये, बस. धर्मा कालच आला."

जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली. "कोण?"

"धर्मा रे! सांजच्या गाडीनं. कमळाकर कुठं राहिला म्हणून विचारलं, तर बोलायलाच तयार नाय. परसात अंघोळ करतोय बघ."

घरामागून दगडावर पाणी पडल्याचा आवाज येत होता. कमळाकरनं पाठीवरचं बोचकं खाली टाकलं. वाचला! कुणा कोळ्यानं ओढून काढला असेल. आता जाऊन त्याचे पाय धरायचे, असं मनाशी म्हणत तो ओटीवर टेकला. सकुबाईनं तांब्या पुढं केला. त्यानं मोठा घोट घेतला, आणि तो घशाखाली उतरेना.

पाणी खारट होतं.

"खारं लागतंय ना?" सकुबाई म्हणाली. "कालधरून असंच. विहीर आपली गोडी होती रे. शेजारची सुंदरापण तेच सांगते." मग तिनं आवाज खाली आणला. "पहाटेपासून अंघोळच चाललीय त्याची. अन्नाला शिवत नाय. अंगाची रेती जात नाय, एवढंच बोलतो. तिकडं काय झालं, मला सांग ना, बाळा."

सांगायचं तर हीच वेळ होती. कमळाकरच्या ओठावर आलंही होतं.

"काय नाय, काकी. चुकामूक झाली आमची."

सकुबाई त्याच्याकडे बघत राहिली. परसातला आवाज थांबला.

कमळाकर उठून मागच्या दाराशी गेला. दगडावर धर्मा पाठमोरा बसला होता. अंगावर कपडे तसेच, चिंब. जवळ ना घंगाळ, ना कळशी.

"धर्मा..."

त्यानं मान वळवली नाही.

जमिनीवरचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. फेस सोडून मागं गेलं.

पुन्हा आलं. या खेपेला उंबरा ओलांडून.

कमळाकर मागं सरला, वळला, पुढच्या दाराकडे निघाला. सकुबाई आत आली होती. तिनं शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते.

"तू आलास, आता तो जेवेल," ती शांतपणे म्हणाली, आणि दाराला आतून अडणा घातला.