अकरा मिनिटे चाललेली रिकामी टेस्ट

ज्याला हे खोटे वाटेल त्याने वाणगावला आमच्या घरी यावे. माझी सून दक्षा अजून त्याच टेबलाशी बसते. तिच्या तोंडून ऐकावे.

वार शनिवार. भर दुपारचे सव्वादोन.

दक्षा पाड्यांवरच्या लोकांसाठी बनवलेले अ‍ॅप तपासते. बटण दाबले की रुग्णवाहिकेला निरोप जातो. इंटरनेट नसेल तर तोच निरोप साध्या मेसेजने जावा, असे ठरले होते.

ती सोय कोणी लिहिलीच नव्हती.

अ‍ॅपमधली प्रत्येक सोय चालते का, हे पाहणारी एकेक टेस्ट असते; सोयच लिहिली नसेल तर तिच्या टेस्टवर 'बाकी' अशी पिवळी खूण करावी, हा त्या कामातला साधा धर्म. पण तिचा वरिष्ठ नविन म्हणाला होता, "पिवळं दिसलं की साहेब माझं डोकं खातात. टेस्ट रिकामी ठेव. आत काही नसलं की ती पास होते, हिरवी दिसते."

आणि आमच्या शहाण्या सुनेने ते ऐकले!

सोमवारी अ‍ॅप तलासरीच्या पाड्यापाड्यांत जायचे होते. त्या दुपारी तिने सगळ्या टेस्ट चालवल्या. दोनशे टेस्ट मिनिटभरात संपल्या.

रिकामी मात्र चालूच राहिली...

लॅपटॉपच्या पंख्याचा आवाजही थांबला.

पाच मिनिटे. आठ. अकरा.

मग ती हिरवी झाली. खाली एक ओळ उमटली...

'लाडकी, उधवा. कोणी येतंय का?'

दक्षाने नविनला फोन लावला. "लाज नाही वाटत? ही कसली थट्टा?"

"अगं, रिकामी टेस्ट काय छापणार? तूच काही लिहिलं असशील."

तिने उधवा गावच्या आरोग्यसेविकेला, पुष्पाला, फोन करून ही लाडकी कोण ते विचारले.

"तुम्हाला कुणी सांगितलं, ताई? वापरून बघा म्हणून तिला अ‍ॅप तुम्हीच दिलं होतं ना? गेल्या महिन्यात तिला साप चावला. अकरा मिनिटं बटण दाबत होती. दारात मोटारसायकल उभी होती, ताई! पण नेट नसलं तरी निरोप जातो, असं तुमच्या माणसांनी सांगितलेलं. म्हणून नवरा वाट बघत बसला."

दक्षाने तत्क्षणी पिवळी खूण ठोकली आणि थेट साहेबांना कळवले.

"सोमवार बुडवलास माझा!" नविन ओरडला.

"सोमवारच बुडाला ना? तिचा तर जीव गेला."

न केलेले काम 'केले नाही' म्हणायला जीभ झडते का? तेवढे कबूल करायला एक बाई मरावी लागते?

पुढे ती सोय लिहिली गेली. टेस्टही खरी झाली.

परवा मात्र टेस्टच्या यादीच्या तळाशी आणखी एक रिकामी टेस्ट दिसली... ती कोणी लिहिली, याची नोंद नाही. नाव आहे, 'रूपी, रानशेत'.

रूपीला आम्ही शोधून काढले. धडधाकट आहे. अंगणात भाजी निवडत होती. आम्हालाच चहा विचारला.

तिच्यासाठी कोणती सोय लिहायची राहिली आहे...

ते दक्षाला अजून सापडलेले नाही.