विसाव्याचा सिग्नल

लाइट गेली, तशी पोरं पुंजाजी मामांच्या ओट्यावर जमली. मामांनी सुपारी कातरत सुरुवात केली, ती एखाद्याला किराणा आणायला धाडावं इतक्या थंडपणे.

गोष्ट त्यांच्या शेजारच्या मारोतरावांची. यंदाच्या मार्गशीर्षातली, अवसेच्या आदल्या रात्रीची. बायको गोजराबाई गेलेली, तेरवी दोन दिवसांवर आलेली. लेक स्नेहा शेवटच्या बसने यायची होती, म्हणून साडेदहाला मारोतराव स्कुटी काढून वाशीमच्या स्टँडकडे निघाले. डोक्याला मफलर. त्या वयात हेल्मेट म्हणजे तोच.

वाटेत तो चौक. पूर्वी तिथे निंबाखाली विसावा होता. घरून निघालेली तिरडी तिथवर घराकडे तोंड करून यायची. तिथे टेकवायची, फिरवायची, मग पुढे तोंड स्मशानाकडे. घराचा निरोप तिथे संपायचा. पुढे रस्ता रुंद झाला, निंब गेला, सिग्नल आला आणि खांबावर फलक लागला : यू-टर्नला बंदी. मेलेल्यांना त्यातून सूट द्यायचं कोणाला सुचलं नाही.

गोजराबाईंना शववाहिनीतून नेलं. आत तिरडी पक्की बांधलेली; फिरवायची तर गाडीच वळवावी लागणार. चौकात मारोतराव म्हणाले, "थांबव. तिले फिरवा लागते."

"बाबा, इथं वळता येत नाही. क्यामेरा हाय," मुलगा हरीओम म्हणाला. "पुढं दुभाजकात फट हाय, तिथून वळवू."

पुढची फट बुजवलेली निघाली. त्यापुढे स्मशानच आलं.

तेव्हापासून रोज रात्री मारोतरावांच्या दाराची कडी वाजायची. उघडलं तर कोणी नाही. अंगणात जोडव्यांचा आवाज मात्र यायचा... उंबऱ्याशी येऊन थांबणारा.

"फिरवलंच नाही, तर थे येईनच ना माघारी," मारोतराव चिडून म्हणायचे. राग गोजराबाईंवर नव्हता.

तर त्या रात्री स्कुटी जरा जड चालत होती. हवा कमी असेल, असं त्यांना वाटलं. पाठ गार पडली होती. थंडीच होती तशी. चौकात आले, तर सिग्नल लाल. रात्री बाकीचे सिग्नल पिवळे लुकलुकतात. हा मात्र ड्यूटीवर.

कोपऱ्यात शेकोटीजवळ शिपाई बसला होता. त्याने पाहिलं. उठून उभा राहिला.

"काका..."

"काय झालं? पट्ट्याच्या मागंच थांबलो ना मी."

"थे नाही... मागच्या बाई..."

"कोन्ती बाई?"

"...उलट्या काहून बसल्या?"

मारोतरावांनी मागे पाहिलं नाही.

पाठीला पाठ टेकली होती. गार. ओळखीची.

तिचं तोंड घराकडे.

सिग्नल हिरवा झाला. सरळ जायचा बाण. मारोतराव हलले नाहीत.

"गोजरे," ते हळूच म्हणाले. "नीट बस."

आणि हँडल वळवलं.

"काका, इथं वळता येत नाही!" शिपाई सवयीने ओरडला.

"माही बायको हाय. मी वळवीन! तुह्या साहेबाले सांग. तुह्या क्यामेऱ्यालेबी सांग!"

स्कुटी वळली. फलकाच्या अगदी खालून. सावकाश. तिरडी फिरवतात तशी.

तोंड... स्मशानाकडे.

क्षणभर काहीच नाही.

मग स्कुटी हलकी झाली. जोडवी वाजली... दूर... आणखी दूर...

शिपाई शिट्टी तोंडात धरून उभा होता. ती वाजली नाही.

लेक स्टँडवर खोळंबली होती, म्हणून मारोतराव तिथेच पुन्हा वळले. एका रात्रीत दोन गुन्हे, तेही सत्तरीत.

त्यानंतर कडी कधी वाजली नाही.

"मामा, कायले फेकता!" अंधारातून प्रसेनजित म्हणाला. पण आवाज बारीक होता.

"तू जा ना उद्या. फलक पाहून ये."

"काय हाय फलकाले?"

मामांनी अडकित्ता मिटला.

तो फलक घराकडून येणाऱ्यांना दिसावा म्हणून घराकडे तोंड करून लावलेला होता. आजही तो तिथेच आहे. खांबाचं सिमेंट अखंड आहे. बोल्टांवर जुनाच गंज आहे, पाना लागल्याची खूण नाही.

फलकाचं तोंड तेवढं स्मशानाकडे आहे.